वकिलाकडे ठेवलेला खंडोबा

अमरावतीच्या दिवाणी कोर्टात मोरोपंत पुराणिकांनी पस्तीस वर्षं वकिली केली, पण गावात त्यांची ओळख आहे ती पितळेवरून. रिक्षावाल्याला 'पुराणिक वकिलांकडे' म्हणून सांगा, तो डोकं खाजवत बसेल. 'भांडेवाले वकील' म्हटलं की तो थेट फाटकापाशी आणून सोडतो आणि वर स्वतःच्या आजीच्या लोट्याची हकिकत सांगतो. पूर्वी मोरोपंतांना या नावाचा राग यायचा. आता एकाहत्तराव्या वर्षी फोनवर ते स्वतःच 'भांडेवाला बोलतोय' म्हणतात.

घराच्या पुढच्या दोन खोल्यांत, जिथे एके काळी पक्षकार बसत, तिथे आता भिंतभर काचेची कपाटं आहेत. लामणदिवे, समया, पोपटाच्या आकाराचे अडकित्ते, मोराच्या झाकणाची कुंकवाची करंडी, पाच फण्यांच्या नागाची पंचारती, आणि देव. कमरेवर हात ठेवलेले, मांडी घातलेले, लोणी खात रांगणारे, अन्नपूर्णा तर चौदा. यातलं बरंचसं अकोल्याच्या भांडेबाजारातून आलं. नवी स्टीलची भांडी घेताना लोक जुनं पितळ मोडीत घालतात आणि त्या ढिगात कधी कधी आजेसासूची दीडशे वर्षांची समईही जाते. मोरोपंत सुटीच्या दिवशी त्या ढिगापाशी उकिडवे बसत. काळा कोट घरी असला तरी उलटतपासणी चालूच. मूर्ती हातात घेऊन ती आधी मागून पाहायची, कारण खोटं काम करणारा पाठीवर मेहनत घेत नाही. मग नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. मग तळहातावर घासून वास घ्यायचा.

एवढं करूनही बाळापूरच्या एका माणसाने त्यांना एकदा 'पेशवाईतला' गणपती विकला होता. तो शेणात पुरून, मीठ-लिंबू लावून महिनाभरात म्हातारा केलेला निघाला. अनुपमाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तो गणपती टीव्हीवर ठेवला आणि आल्यागेल्याला ओळख करून दिली, "हे आमचे पेशवे." मोरोपंतांनी तो हलवला नाही. माणसाला आपली फजिती डोळ्यांसमोर असलेली बरी, असं त्यांचं मत पडलं.

पण या सगळ्या पसाऱ्याची सुरुवात ज्या मूर्तीने झाली ती त्यांनी विकत घेतलेली नव्हती. ती त्यांच्याकडे ठेवलेली होती.

सन पंचाण्णव. दर्यापूरच्या पलीकडे टाकळी म्हणून गाव आहे, तिथले गावंडे बंधू वाटणीसाठी त्यांच्याकडे आले. थोरले नत्थुजी, धाकटे जानराव. काळ्या जमिनीचे तुकडे झाले, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, बैलजोड्या सुटल्या. सगळं दोन महिन्यांत मार्गी लागलं आणि गाडी देवापाशी अडली. गावंड्यांच्या देवघरात वीतभर उंचीचा पंचधातूचा खंडोबा होता. घोड्यावर देव, मागे म्हाळसा, घोड्याच्या पायांत कुत्रा. देव थोरल्याकडे राहायचा ही रीत, म्हणून नत्थुजी अडून बसले. माय आपल्याकडे राहते, देवाचा दिवा तीच लावते, म्हणून जानराव अडून बसले. पाच पिढ्यांच्या हळदीने म्हाळसेचं नाक झिजून गेलं होतं, आणि हे दोघे तिच्यासमोर एकमेकांच्या सात पिढ्या काढत होते.

मोरोपंत तेव्हा बेचाळीसचे होते, म्हणजे वकिलाला आपण शहाणे आहोत असं वाटण्याचं वय. त्यांनी टेबलावर हात आपटला आणि निवाडा दिला, "देव माझ्याकडे राहील. दोघं मिळून याल, एका गाडीतून, तेव्हाच परत नेता येईल. एकटा कोणी आला तर मी दार उघडणार नाही."

भाऊ रागात होते. दोघांनीही 'व्हय' म्हटलं. पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला देव टेबलावर ठेवून एक एसटीने गेला, दुसरा जीपने.

मोरोपंतांना वाटलं होतं, चंपाषष्ठीच्या आत येतील. ती गेली. पुढचीही गेली. कपाटातल्या त्या घोड्याकडे येता-जाता पाहण्याची त्यांना सवय लागली. घोड्याची वळलेली मान, लगाम धरलेल्या हाताची चार बोटं, मेणाचा साचा करून ओतलेल्या कामात दिसणारी ती सफाई. असं आणखी काही कुठे असेल का, या एका प्रश्नाने ते अकोल्याच्या बाजारात पोचले आणि पुढे आयुष्यभर तिथेच रमले. कोर्टातली भांडणं पाहून ज्या माणसाचं मन आंबून जायचं, त्याला त्या घोड्याने संध्याकाळी घरी यायला कारण दिलं. मोरोपंत हे उपकार मानत. देवाचे की घोड्याचे, की ज्यांच्या भांडणामुळे तो आला त्या भावांचे, हे त्यांनी फार उकलून पाहिलं नाही.

अनुपमाताई मात्र रोज सकाळी त्या कपाटाचं दार उघडून देवाला चिमूटभर हळद आणि गुळाचा खडा दाखवत.

"अगं, नमुना आहे तो. हळदीने खराब होतो."

"तुमचा नमुना असेल. माझ्याकडे पाहुणा आहे, आणि पाहुण्याला उपाशी ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही."

आता जे सांगायचं ते मोरोपंतांनी अठरा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, अनुपमाताईंनासुद्धा नाही.

सन दोन हजार सहामध्ये, उन्हाळ्यात, जानराव एकटे आले होते. अनुपमाताई माहेरी होत्या. जानराव पायरीवरच थांबले. अट त्यांना पाठ होती.

"वकीलसायेब, मी देव न्याले नाही आलो. दादाले एक निरोप द्या. म्हनाव, जानराव यायले तयार हाय. तो म्हनन त्या दिवशी. देव त्याच्याच घरी राहू दे, मले काही नाही पाह्यजे. मी सोता गेलो तं तो दार लावून घेईन. तुमी वकील हा, तुमचं आयकन."

"कळवतो," मोरोपंत म्हणाले.

आणि त्यांनी कळवलं नाही. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, असं ते स्वतःला सांगत. पुढच्याच आठवड्यात नागपूरहून एक जाणकार घोडा पाहायला येणार होते. ते येऊन जाऊ देत, मग कळवू. जाणकार आले, भिंग लावून तासभर पाहत राहिले आणि म्हणाले, असं काम वऱ्हाडात दुसरं पाहिलं नाही. त्यानंतर पत्र लिहायला बसलं की मोरोपंतांचं पेन वाळायचं. महिना गेला, पाऊस सुरू झाला, वर्ष उलटलं. मग आता इतक्या उशिरा काय कळवायचं, ही लाज आली, आणि लाजेवर दिवस साचत गेले. मालकी सांगायला बारा वर्षांची वहिवाट पुरते, असं त्यांनी कित्येकांना कोर्टात पटवून दिलं होतं. विश्वासाने ठेवलेल्या वस्तूला ती मुदत लागू होत नाही, हेही त्यांना कॉलेजपासून पाठ होतं. पहिलं कलम ते आठवत आणि दुसरं विसरत. वकिलाने स्वतःचीच केस घेऊ नये म्हणतात ते याचसाठी.

गेल्या वर्षी नागपूरच्या एका संग्रहालयाने त्यांचा सगळा संग्रह मागितला. स्वतंत्र दालन, दारावर नाव. मोरोपंतांना मूल नव्हतं. आपल्यामागे हे सगळं पुन्हा मोडीच्या ढिगात जाईल, या काळजीने त्यांची झोप उडाली होती. संग्रहालयाचे अधिकारी कपाटं पाहून शेवटी घोड्यापाशी थांबले आणि हसत म्हणाले, "खरं सांगू पंत? हा आहे म्हणून दालन आहे. बाकीची जुनी भांडी आहेत." मोरोपंतांनी मान डोलावली. कागद तेवढे व्हायचे होते.

अशात यंदाच्या माघात एका सकाळी फाटक वाजलं. पंचविशीची एक मुलगी, खांद्याला पिशवी, हातात हळद-कुंकू लावलेली लग्नपत्रिका.

"मी आचल गावंडे. जानराव गावंड्यांची नात, टाकळीची. पहिली पत्रिका कुळदैवतापुढं ठेवा लागते. आजीले विचारलं, आपला देव कोठी हाय? ते म्हने, वकिलाकडे. म्हनून आली."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एखाद्याने पत्ता विचारत यावं तशी ती आली होती. अनुपमाताईंनी तिला आत घेतलं, कपाट उघडलं. मुलीने चप्पल काढली, पदर नव्हता म्हणून ओढणी डोक्यावर घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा आपला देव पाहिला. तिने पत्रिका घोड्याच्या पायांपाशी टेकवली, अक्षता वाहिल्या आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मोरोपंतांनी त्या घोड्यापुढे कित्येक शहाणी माणसं उभी राहिलेली पाहिली होती. सगळ्यांनी त्याची मान पाहिली, लगाम पाहिला, ओतकाम पाहिलं. या मुलीने म्हाळसेच्या झिजलेल्या नाकावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आमच्याच घरच्या बायाईच्या हातानं झिजलं असन ना हे?"

चहा पिताना तिने विचारलं, "सर, देव न्याचा असन तं काय करा लागते?"

मोरोपंतांना अट सांगावीच लागली.

"एवढंच?" ती हसली. "दोघं म्हातारे एका गाडीत बसवाचे, एवढंच ना?"

तिने कसं जमवलं ते तिचं तिला माहीत. पुढे मोरोपंतांच्या कानावर आलं ते असं की तिने नत्थुजींच्या दारात बसून दोन दिवस जेवण घेतलं नाही. दोन्ही आजोबांकडून तिने देवाची शपथ घेतली, की मागचं कोणी काढायचं नाही, एक शब्दही नाही. पंधरा दिवसांनी मोरोपंतांच्या फाटकाशी एक गाडी थांबली आणि तिच्यातून काठी टेकत एकोणऐंशीचे नत्थुजी उतरले. दुसऱ्या बाजूने पंच्याहत्तरचे जानराव. दोघे वाटेत एकमेकांशी काय बोलले होते कोण जाणे, पण नत्थुजींचा चष्मा जानरावांच्या खिशात होता.

"अट पुरी झाली पाहा, वकीलसायेब," नत्थुजी म्हणाले. "तुमचे उपकार लई झाले. घरी राह्यला असता तं कोनी इकला असता, चोरीले गेला असता. तुमी लेकरावानी सांभाळला."

जानरावांनी फक्त एकदा मोरोपंतांकडे पाहिलं. शपथ होती, म्हणून ते बोलले नाहीत. मोरोपंतांनी नजर चुकवली आणि उगाच पंख्याचं बटण दाबलं.

त्याच दुपारी त्यांनी नागपूरला फोन लावला. घोडा त्याच्या घरी जातोय, म्हणून सांगितलं.  मग अधिकारी म्हणाले, "मग आम्हाला पुन्हा विचार करावा लागेल, पंत." करा, मोरोपंत म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. अनुपमाताईंनी त्यांच्यापुढे ताक ठेवलं आणि त्या शेजारी बसल्या. या बाईने एकोणतीस वर्षं आपल्या घरातला पाहुणा उपाशी राहू दिला नाही, म्हणून आज आपण त्याला तोंड दाखवू शकतो, असं मोरोपंतांना वाटलं. त्यांनी ते तसंच बोलून दाखवलं. एवढ्या वर्षांत त्यांनी बायकोचे आभार प्रथमच मानले, त्यामुळे तिने आधी त्यांचा ताप पाहिला.

गावंड्यांचा आग्रह होता की देव मोरोपंतांनीच घेऊन यावा. लग्नाच्या चार दिवस आधीचा मुहूर्त ठरला. दर्यापूर मागे पडलं, दोन्ही बाजूंना सोयाबीन निघालेली मोकळी काळी रानं, कुठे हरभरा. पिवळ्या फडक्यातला खंडोबा मोरोपंतांच्या मांडीवर होता, आणि त्याचं वजन आजच एवढं का वाटतंय हे त्यांना नीट कळत होतं.

वेशीपासून डफ वाजू लागला. लोक दुतर्फा उभे होते. कोणी भंडारा उधळला, मोरोपंतांचा पांढरा सदरा पिवळा झाला. नत्थुजींच्या दारात दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. नत्थुजींच्या पार्वताबाई आणि जानरावांच्या इंदूबाई. या दोघी सख्ख्या बहिणी, एकाच मांडवात दोघा भावांना दिलेल्या. पार्वताबाईंच्या पुढ्यात पितळी परात होती, इंदूबाईंच्या हातात तांब्या.

आचलने मोरोपंतांच्या कानाशी सांगितलं, "आमच्या घरची रीत हाय. देव घरी आननारा मानूस त्या दिवशी देवाचा घोडा. त्याचे पाय धुतल्याबिगर देव उंबऱ्याच्या आत येत नाही. परातीत उभे राहा."

मोरोपंतांनी चप्पल काढली. उजवा पाय उचलला आणि तो परातीवरच थबकला. पार्वताबाई वाकलेल्या होत्या, त्यांचे पांढरे केस मोरोपंतांना वरून दिसत होते. त्यांनी पाय मागे घेतला.

"काय झालं जी?" पार्वताबाईंनी विचारलं.

"थांबा. हे पाय धुण्याच्या लायकीचे नाहीत." डफ वाजवणारा थांबला. मोरोपंतांचा आवाज कोर्टात कधी कापला नव्हता, तो इथे कापला. "नत्थुजी, अठरा वर्षांपूर्वी जानराव माझ्याकडे आले होते. एकटे. म्हणाले, दादाला सांगा मी यायला तयार आहे, देव त्याच्याच घरी राहू दे, मला काही नको. मी कळवतो म्हणालो आणि कळवलं नाही. विसरलो नव्हतो. हा घोडा माझ्या कपाटातून जाऊ नये, म्हणून कळवलं नाही. तुमची अठरा वर्षं मी खाल्ली. तुम्ही माझे उपकार मानता, मला ते सहन होत नाही."

 नत्थुजींनी मोरोपंतांकडे पाहिलंच नाही. काठीवर भार देऊन ते हळूहळू धाकट्या भावाकडे वळले.

"तू गेल्ता?"

"गेल्तो."

"सोताहून?"

"मंग कोन धाडन मले?"

"अन् मी समजून राह्यलो होतो," नत्थुजी म्हणाले, "का तू कधी वाकलाच नाही."

"मले वाटलं, निरोप भेटून तू आला नाही," जानराव म्हणाले.

 नत्थुजींनी मोकळा हात जानरावांच्या दंडावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. आचलने शपथेची आठवण करून देण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं.

पार्वताबाई कंबर धरून उभ्या राहिल्या. "या दोघाईनं तोंडं फिरवली व्हती," त्या मोरोपंतांना म्हणाल्या, "आमी बयनी दर बजाराले दर्यापुरात भेटो. लपून. भाजीवालीच्या मांगं बसून सुखदुख बोलो. चोरावानी भेटा लागे हो आमाले, सख्ख्या बयनीले. तुमी वाईट केलं, वकीलसायेब."

"हो," मोरोपंत म्हणाले.

"पन तुमी हे आज सांगतलं नसतं," नत्थुजी म्हणाले, "तं मी तसाच मेलो असतो. महा भाऊ मह्याकडे आलाच नाही, असं मनात धरून. हे तुमी मले देलं. देवापरीस मोठं देलं." मग त्यांनी काठी सावरली. "चूक मी इसरन, असं नाही म्हनत."

"विसरू नका," मोरोपंत म्हणाले.  आभार मानायला शब्द लागतात आणि आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेल्या त्या माणसाकडे त्या घडीला एकही उरला नव्हता. छातीशी धरलेल्या देवासकट त्यांनी मान झुकवली, तेवढंच त्यांना जमलं.

"पाय द्या आता," पार्वताबाई म्हणाल्या. "देव उनात उभा हाय."

मोरोपंत परातीत उभे राहिले. इंदूबाईंनी तांब्या पुढे केला तर तो नत्थुजींनी घेतला. काठी भिंतीला टेकवून, नातीच्या खांद्याला धरून ते कसेबसे खाली बसले आणि त्यांनी मोरोपंतांचा उजवा पाय धुतला. मग जानराव त्यांच्या शेजारी बसले, भावाच्या हातातून त्यांनी तांब्या घेतला, आणि डावा पाय धुतला.